अमेरिकन पॅटर्नवरून बाळाची टोपी आणि पायमोजे: सुयांचा नंबर, लोकर आणि माप कसं ठरवायचं?

वैदेही_नाशिक

नमस्कार. माझी नणंद मिनियापोलिसला असते. ऑक्टोबरच्या शेवटी तिची तारीख आहे आणि सासूबाई बाळंतपणासाठी महिन्याच्या सुरुवातीलाच तिकडे जाणार आहेत. त्यांच्या बॅगेतून बाळासाठी माझ्या हातचं काहीतरी जावं असं फार मनात आहे. टोपी आणि पायमोजे नक्की, वेळ मिळाला तर एक दुपटं.

विणकाम मला येतं, आईनं शिकवलंय. पण आमच्या घरी कागदावरून कोणी विणलं नाही. आई समोरच्याला उभं करायची, पाठीला वीत लावायची, "इथे बगल आली, आता दोन-दोन टाके कमी कर" असं सांगायची. मी पण तसंच करते. जुना स्वेटर अंथरायचा, त्यावर विणलेला भाग ठेवून बघायचा आणि पुढे जायचं. आता मात्र ज्याच्यासाठी विणायचं ते बाळ अजून यायचंय, आणि येणार तेही सातासमुद्रापार. माप घ्यायला समोर काहीच नाही. म्हणून नणंदेनं विकत घेऊन पाठवलेला पॅटर्नच धरून चालायचं ठरवलंय.

अडलंय ते इथे. पॅटर्नमध्ये लिहिलंय: डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीची) लोकर, 6 नंबरच्या सुया, चार इंचांत 22 टाके आणि 28 ओळी. माझ्याकडे आईच्या 10 आणि 12 नंबरच्या सुया आहेत. मेन रोडवरच्या दुकानात 6 नंबर मागितल्या तर त्यांनी चांगल्या जाडजूड सुया काढून दिल्या आणि वर म्हणाले, "ताई, बाळाचं काम 12 नंबरवर करतात, ह्यावर मफलर होईल." मलाही हातात घेऊन तसंच वाटलं. पण पॅटर्न लिहिणारीनं काही विचार करूनच लिहिलं असेल ना?

पुढे टाक्यांचा आकडा "72 (80, 88, 96)" असा दिलाय. टोपीच्या काठावर हिमकणांची दोन रंगांची पट्टी आहे, तिचा चौकटींचा तक्ता आहे. तो वरून वाचायचा की खालून?

आणि लोकर. सासूबाईंचं म्हणणं, तिकडे एवढी थंडी, शुद्ध लोकरच हवी. नणंद म्हणते, "वहिनी, मशीनमध्ये टाकता येईल असं काहीतरी बघ." दुकानात बेबी वूल म्हणून मिळते ती हाताला मऊ आहे, पण लेबलवर ॲक्रिलिक लिहिलंय.

पावसाळ्याचे दिवस आहेत, संध्याकाळी विणायला वेळ मिळतो. सुरुवात चांगली व्हावी म्हणून आधी विचारतेय.

सुईदोरा

वैदेही, दुकानदार बरोबर सांगतोय. माझ्या दोन्ही मुलांचं सगळं मी 11 आणि 12 वर केलं. बारीक सुईची वीण घट्ट येते, वारा लागत नाही. त्या पॅटर्नमधल्या सुया बाजूला ठेव, टाके तेवढे त्यातले घे आणि सुरू कर. बाळाच्या टोपीत असं काय बिघडणार आहे?

लोकरमावशी

सुईदोराताई, तुमची वीण तुमच्या सुयांवर आणि तुमच्या टाक्यांच्या हिशोबानं छानच झाली असणार. पण सुया आपल्या आणि टाके पॅटर्नचे, हे नका करायला सांगू तिला. त्यानंच टोपी लिंबाएवढी होते.

वैदेही, आधी सुयांचं. दुकानदारानं दिल्या त्या 6 नंबरच आहेत आणि पॅटर्नवालीनं लिहिलंय तेही 6 नंबरच, फक्त दोघांचे नंबर वेगवेगळे. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: 12 म्हणजे 2.75 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 8 म्हणजे 4, 6 म्हणजे 5. अमेरिकेचे नंबर उलट चढतात, तिथे नंबर वाढला की सुई जाड. त्यांचा 3 म्हणजे 3.25 मिमी, 6 म्हणजे 4 आणि 8 म्हणजे 5. म्हणजे तुझ्या पॅटर्नला 4 मिलिमीटरची सुई हवी, आणि ती नाशिकच्या दुकानात 8 नंबर म्हणून मागायची. दोन्हीकडे सारखा येणारा नंबर एकच, 7. तो इकडेही 4.5 मिमी आणि तिकडेही. तू दुकानात नंबर बोलूच नकोस, मिलिमीटर बोल. हल्ली बऱ्याच सुयांच्या टोपणावर दोन्ही लिहिलेलं असतं. आईच्या जुन्या सुयांवर नसेल तर नंबर ओळखायची भोकांची पट्टी मिळते, ती घेऊन ठेव, जन्मभर कामी येते.

आईच्या 10 नंबरच्या सुया कपाटात ठेवू नकोस. टोपीचा काठ, दोन सुलट दोन उलट, त्याच सुयांवर कर आणि वरचा भाग 8 वर. बारीक सुईवरचा काठ डोक्याला धरून राहतो. आईच्या सुयांवर सुरू झालेली टोपी बाळाच्या डोक्यावर जाईल, मला तरी हे फार आवडलं.

आता नमुन्याचा तुकडा. मी ग्वाल्हेरात वाढले. तिथे थंडीत दुपारी गच्चीवर चटया टाकून सगळ्या विणायला बसायच्या, आणि आमच्या शेजारच्या काकू नवीन लोकर आणली की आधी तळहाताएवढा तुकडा विणून तो धुवून दोरीवर टाकायच्या. तो वाळेपर्यंत टाके घालायचे नाहीत. पुढे मी पुण्यात मुलींना शिकवायला लागले तेव्हाही पहिला हट्ट हाच धरला, आणि अजून धरते. कारण पॅटर्नमधला प्रत्येक आकडा "चार इंचांत 22" ह्या एका ओळीवर उभा आहे. तुझा हात घट्ट की सैल, ते त्या लिहिणारीला कुठून कळणार?

हिशोब करून बघ. 80 टाक्यांची टोपी आहे. चार इंच म्हणजे साधारण 10 सेंटिमीटर. 10 सेंटिमीटरला 22 टाके बसले तर घेर साधारण साडेछत्तीस सेंटिमीटर. तुझा हात घट्ट असेल आणि 24 बसले, तर तेच 80 टाके सव्वातेहतीसवर येतात. हात सैल असेल आणि 20 बसले, तर घेर 40 होतो. जेमतेम चार टाक्यांच्या फरकानं टोपी जवळजवळ सात सेंटिमीटरनं लहान-मोठी! तीन महिन्यांच्या बाळाला एक चढायची नाही आणि दुसरी नाकावर येऊन बसायची.

तेव्हा 30 टाके घाल, 8 नंबरवर एक ओळ सुलट एक ओळ उलट असं 12 सेंटिमीटर विण. टोपी जशी धुतली जाणार तसाच तो तुकडा धू, पालथा पसरून वाळव, ओढू नकोस. मग मधल्या भागात दोन टाचण्या 10 सेंटिमीटरवर टोच आणि त्यांच्यामधले टाके मोज. कडेचे धरू नकोस, कडा नेहमी खोटं सांगतात. अर्धा टाका आला तर अर्धाही लिही. 22 पेक्षा जास्त आले तर एक नंबर जाड सुई घे, कमी आले तर एक नंबर बारीक, आणि पुन्हा तुकडा विणून बघ. ओळींची फारशी काळजी नको, उंची तू पट्टीनं मोजूनच विणणार आहेस.

तो तुकडा उसवू नकोस. त्यातून 10 बाय 10 चा चौकोन किती ग्रॅमचा होतो ते स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघ. समजा 5 ग्रॅम भरला आणि दुपटं 75 बाय 90 सेंटिमीटरचं करायचंय, तर तसे साडेसदुसष्ट चौकोन, म्हणजे 340 ग्रॅमच्या आसपास लोकर. वर 50 ग्रॅम जादा धरायची. सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्यायचे. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो. नंतर आणलेला गुंडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तसाच दिसतो, घरी उन्हात धरला की दुपट्यावर पट्टा उमटतो.

माप कोणतं घ्यायचं? कंसाबाहेरचं 72 हे नवजात बाळाचं, कंसातले पुढचे क्रमानं मोठे. तू 80 घे. बाळ ऑक्टोबरअखेर येणार, पण टोपीची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत. जन्मतः डोक्याचा घेर 35 सेंटिमीटरच्या आसपास असतो, तीन महिन्यांत तो 40 च्या आसपास जातो. टोपी डोक्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लहानच विणतात, ताणून नीट बसते. पॅटर्न हातात घेतलास की पहिलं काम पेन्सिलीनं: सगळ्या पानांवर दुसऱ्या आकड्याभोवती गोल कर. नाहीतर मध्यरात्री डोळे चुरचुरत असताना एका ओळीत 80 चा आणि पुढच्या ओळीत 88 चा आकडा वाचला जातो.

लोकरीबद्दल तिकडे राहणारं कोणी सांगेल तर बरं. माझं एवढंच, की "4 प्लाय" वगैरे आकड्यावर जाऊ नकोस. प्लाय म्हणजे किती धागे एकत्र पिळलेत ते, जाडी नव्हे. डीकेच्या जाडीची मिळाली नाही तर बारीक लोकरीचे दोन पदर एकत्र धरून विण, साधारण तिथेच येतं. तुकडा सांगेलच. मोहेर किंवा केसाळ लोकर बाळाला नको, तंतू नाकातोंडात जातात. आणि आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण बाळाच्या कपाळाला ती टोचेल.

वैदेही_नाशिक

मावशी, किती नीट सांगितलंत! 8 नंबरच्या आजच आणल्या, खरंच टोपणावर 4.00 कोरलेलं आहे. तुकडा विणायला घेतलाय. तक्त्याचं तेवढं राहिलं. आणि पॅटर्नमध्ये सगळीकडे के, पी, के2टॉग, वायओ अशी अक्षरं आहेत, मध्येच चांदण्या आहेत. के म्हणजे सुलट आणि पी म्हणजे उलट एवढं समजलं. माझ्याकडे सरळ सुयाच आहेत, पॅटर्न मात्र गोल विणायला सांगतो. शिवण घालून चालेल ना?

लोकरमावशी

चालेल, मीही टोपी सरळ सुयांवरच करते. शिवणीसाठी दोन टाके जास्त घे, म्हणजे 82. कडेचा एकेक टाका नक्षीत धरायचा नाही, तो शिवणीत जाईल.

के2टॉग म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. वायओ म्हणजे धागा पुढे घेऊन सुईवर नवा वेढा, आपण जाळीला घेतो तो. दोन चांदण्यांच्या मध्ये जे लिहिलंय ते ओळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. पॅटर्नच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा सगळ्या खुणांची यादी असते. ती एका कागदावर मराठीत लिहून घे आणि विणताना शेजारी ठेव, दोन संध्याकाळींत पाठ होईल.

तक्ता खालून वर वाचायचा. एक चौकट म्हणजे एक टाका. सरळ सुयांवर तुझी सुलट बाजू समोर असेल ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल विणणाऱ्या सगळ्याच ओळी उजवीकडून वाचतात, म्हणून पॅटर्नमध्ये तसं लिहिलं असेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. तक्त्यावर पट्टी ठेव, पण विणून झालेल्या ओळींवर नाही, वरच्या न विणलेल्या ओळींवर. म्हणजे खाली झालेली नक्षी उघडी राहते आणि आताचा टाका तिच्यावर नीट बसतोय का ते दिसतं.

दोन रंगांच्या पट्टीत जो रंग चालू नसतो तो मागून ओढला जातो. तो ओढताना सुईवरचे टाके बोटांनी पसरून घे, मग धागा टाक. घट्ट ओढलास तर टोपी तिथेच आवळते. पाच टाक्यांपेक्षा लांब उडी असेल तर मध्ये एकदा दोन्ही धागे एकमेकांत अडकवून घे. टोपीला हे चालतं. पायमोज्यांना आणि हातमोज्यांना मात्र दोन रंगांची नक्षी अजिबात करू नकोस. आतल्या मोकळ्या धाग्यात बाळाचं बोट अडकतं, धागा गुंडाळला जातो आणि रक्त थांबतं. बाळ रडतंय एवढंच दिसतं, कारण मोज्याच्या आत असतं.

माथा कमी करताना: काठासकट 12 सेंटिमीटर झालं की 8 सुलट, दोन एकत्र, असं ओळभर. 80 चे 72 राहतात, कडेचे दोन वेगळे. मधली उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीला 7 सुलट, दोन एकत्र. असं 40 वर आलं की सुलट-उलट प्रत्येक ओळीत कमी करायचं, उलट ओळीत दोन एकत्र उलट. शेवटी राहिलेल्या टाक्यांतून धागा सुईनं ओवून ओढून घे, दोनदा फिरव आणि तिथूनच शिवण घालत खाली ये. गोंडा हवा असेल तर पक्का शिव. बटणं, मणी नकोत.

हिमवाटा

मी मिनियापोलिसजवळच राहते, माझी मुलगी इथलीच. वैदेही, तुझ्या नणंदेचं ऐक. इथे बाळाचे कपडे वॉशरमधून थेट ड्रायरमध्ये जातात. साधी शुद्ध लोकर त्यातून निघाली की आकसून नमद्यासारखी घट्ट होते आणि परत कधीच सुटत नाही. माझ्या आईनं पाठवलेला स्वेटर घरच्यांनी हौसेनं धुतला आणि तो बाहुलीला झाला. आई किती दिवस डोळे ताणून विणत होती ते मला माहीत होतं, मी दिवसभर जेवले नव्हते. सुपरवॉश असं लिहिलेली मेरिनो मिळाली तर ती घे, ती मशीनमध्ये आकसत नाही. नाही मिळाली तर चांगली ॲक्रिलिक बिनधास्त घे. सासूबाईंना सांग, इथे थंडी बाहेर असते. घरात हीटिंग असतं आणि बाळ एका सुती कपड्यात लोळतं. घर, गाडी, दुकान एवढाच तर फिरण्याचा रस्ता. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो तेव्हा मेरिनोनंसुद्धा भागत नाही, वर गाडीचं आणि स्ट्रोलरचं पांघरूण लागतंच.

ॲक्रिलिकला गरम इस्त्री मात्र लावू नकोस. वाफ लागली की वीण लोळागोळा होते, काठाचा ताण जातो.

दुपट्याबद्दल सांगायचंय. इथे बाळांचे डॉक्टर बाळ वर्षाचं होईपर्यंत पाळण्यात सुटं पांघरूण ठेवू देत नाहीत, झोपताना टोपीही काढायला सांगतात, कारण बाळाची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडायला हवी. गाडीच्या सीटमध्ये पट्ट्यांखाली जाड कपडे चालत नाहीत. आधी पट्टे घट्ट लावायचे आणि मग वरून पांघरूण टाकायचं. म्हणून सगळ्यात जास्त वापरलं जातं ते गाडीत पट्ट्यांवरून टाकायचं दुपटं. ते मोठं नको, जमिनीवर लोळेल. मावशींनी धरलंय तेवढं 75 बाय 90 अगदी बरोबर. जाळीची वीण करू नकोस, भोकांत बोटं जातात. सगळ्या ओळी सुलट अशी साधी वीण कर. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत, आणि घाईत कशीही टाकली तरी चालते.

एक छोटं काम आवर्जून कर. सोबत कागदावर लिही: लोकर कोणती, किती गरम पाण्यात धुवायची, ड्रायर चालेल की नाही. त्याच लोकरीची छोटी लडी चिठ्ठीला बांधून दे. धागा निघाला तर दुरुस्तीला तोच रंग इथे कुठून आणायचा?

रेशमी

वैदेही, पॅटर्न फार गोड वाटतोय. मला पीडीएफ ईमेल कराल का? मेल आयडी व्यक्तिगत निरोपातून कळवते.

वैदेही_नाशिक

रेशमी, नणंदेनं तो विकत घेतलाय, आणि लिहिणारीचं पोट त्यावरच चालतं. म्हणून नाही पाठवत, राग मानू नका. पण मावशींनी वर टोपीचं जे सांगितलंय तेवढ्यावर साधी टोपी पूर्ण होते. लोकरीच्या कंपन्यांच्या साइटवरही फुकट पॅटर्न असतात.

हिमवाटा, तुमच्या आईच्या स्वेटरचं वाचून सासूबाईंना तसंच वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी त्यांनीच बेबी वूलच्या दुकानात चल म्हटलं. सायीचा पांढरा आणि मोरपंखी घेतलाय. तुकडा वाळला, साडेबावीस टाके आले. चालेल ना?

लोकरमावशी

साडेबावीस उत्तम. 80 टाक्यांची साडेपस्तीसच्या वर होते, काही बदलू नकोस.

आता पायमोजे, त्याबद्दल कोणीच बोललं नाही आणि फसतात तेच. लोकरीचे पायमोजे पायात राहत नाहीत, ही सगळ्या आयांची तक्रार, आणि ती खरी आहे. बाळ पाय झाडतं आणि मोजा पाळण्याच्या कोपऱ्यात सापडतो. पॅटर्नमध्ये घोट्याचा भाग बहुधा दोन-तीन सेंटिमीटरचाच दिलेला असतो. तो तू सहा-सात सेंटिमीटर कर, दोन सुलट दोन उलट, 12 नंबरवर. आईच्या त्या बारीक सुया इथे लागतील. उंच काठ पोटरीला धरतो आणि मोजा खाली सरकत नाही.

पण काठ घट्ट आणि टाके घालायची पहिली ओळही घट्ट, असं झालं तर पायावर वळ उठतात. म्हणून टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाल आणि मग एक ओढून काढ. पहिल्या ओळीला सैलपणा राहतो. झाल्यावर तीन बोटं आत घालून फाकवून बघ, बोटांना आवळलं तर पायालाही आवळणार.

घोट्याशी दोरी ओवायची पद्धत आहे: एक सुलट, धागा पुढे, दोन एकत्र, असं ओळभर केलं की भोकांची रांग तयार होते. दोरी क्रोशानं साखळीची करावी, आखूड ठेवावी, आणि मागच्या बाजूला मध्यावर दोन टाक्यांनी मोज्यालाच शिवून टाकावी. सुटी दोरी बाळाच्या तोंडात जाते. टोपीला गळ्याखाली बांधायच्या दोऱ्या नकोतच.

लांबी नऊ-साडेनऊ सेंटिमीटर ठेव, तीन-चार महिन्यांच्या पावलाला पुरते आणि ताणून पुढेही जाते. तळव्याची शिवण आतून चपटी घाल: दोन्ही कडांच्या टोकाच्या वेढ्यांतून एकदा इकडून, एकदा तिकडून सुई काढत जा, उंचवटा येत नाही. मग मोजा उलटा करून तुझ्या गालावर फिरव. जिथे टोचेल तिथे धाग्याचं टोक आहे, ते पुन्हा सुईनं विणीत दोन दिशांना लपव. मी हे प्रत्येक जोडीला करते, त्यात पाच मिनिटंही जात नाहीत आणि त्या बाळाला ते दिवसभर जाणवतं.

सुईदोरा

मावशी, तुकड्याचं पटलं. मीही आता नातवासाठी बघून करते. वैदेही, लोकर उरली तर बारशाला कुंची कर ना. लांबट पट्टी विणायची, दुमडून मागून शिवली की डोकं झालं, मानेच्या कडेचे टाके उचलून खाली पाठीवरचा भाग विणायचा. मोरपंखी कुंचीला पांढरा काठ किती खुलेल! आमच्याकडे पहिल्या बाळाला आजीच्या हातचीच कुंची असते.

वैदेही_नाशिक

सुईदोराताई, हे सासूबाईंना ऐकवल्याबरोबर त्यांनी माझ्याकडून एक गुंडा काढून घेतला. कुंची त्या विणणार. मावशी, टाके घातले आईच्या 10 नंबरवर, 82. काठाच्या चार ओळी झाल्या. एक शेवटचं: सगळं ऑगस्टअखेर तयार होईल, जाईपर्यंत महिना आहे. कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवू का? पावसाळ्यात कसर लागेल अशी भीती वाटते.

लोकरमावशी

डांबरगोळ्या नको, बिलकुल नको! त्यातल्या नॅप्थलीनचा वास कपड्यात मुरतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी6पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या पेशी अशा कपड्यांमुळे फुटून कावीळ वाढते, आणि कोणत्या बाळाला ते आहे हे आधी दिसत नाही. ह्याच कारणानं कपाटातून काढलेली जुनी दुपटीही धुतल्याशिवाय बाळाला घालू नयेत.

तुझी लोकर ॲक्रिलिक आहे, कसर त्याला लागत नाही. ओल तेवढी सांभाळ. धू, पंख्याखाली पूर्ण वाळव, दोन दिवस तशीच पसरून ठेव, मग स्वच्छ सुती पंच्यात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत बॅग भरायच्या दिवशीच घाल. आणि दुपट्याची लोकर एकाच लॉटची आहे ना, तेवढं आजच लेबलं काढून बघ. सासूबाईंनी नेलेला गुंडा वगळून पुरत नसेल तर दुकानात तो लॉट आहे तोवर आणून ठेव.